पूर्वेचा बुरूज

पुंजारामचा बाप सुरुंगानं गेला तेव्हा पुंजाराम तेरा वर्षांचा होता आणि धाकटा गोरक्ष नऊ. खाणीत चार भोकं पाडून वाती पेटवल्या होत्या. तीनच बार उडाले. बापानं थोडी वाट पाहिली, एक बिडी ओढून संपवली, आणि चौथी वात विझली असं समजून तो बघायला गेला. तो वाकला आणि चौथा बार उडाला. बापाला गोळा करायला एक गोधडी पुरली. उजवा हात तेवढा सापडत नव्हता. तो दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांदीत दिसला, कावळे जमले म्हणून.

हे सगळं मला पुंजारामनंच सांगितलं. सांगताना आवाज कुठं हलला नाही. पुढचं सांगताना मात्र तो बराच वेळ थांबत होता.

त्याचं गाव चिंचखांड, जामखेड तालुक्याच्या पार पूर्वेच्या कडेला, नदीच्या वळणावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम. जाती, पाटे, उखळं, देवळाच्या पायऱ्या. नवरा गेल्यावर त्याच्या आईनं, भीमाबाईनं, स्वतः छिन्नी हातात घेतली. गावोगाव फिरून लोकांच्या जात्यांना टाकी लावून दिली आणि दोन पोरं वाढवली. थोरला पुंजाराम अंगानं दांडगा आणि उतावळा. घण उचलला की दगड फुटेपर्यंत खाली ठेवायचा नाही. गोरक्ष सावकाश. दगडावर हातोडी वाजवून तो आधी कान द्यायचा, आत चीर आहे की नाही ते ऐकायचा आणि मगच छिन्नी लावायचा. आई म्हणायची, थोरल्याला दगड फोडता येतो आणि धाकट्याला दगड कळतो.

गावाच्या डोक्यावर गढी आहे. उंचवट्यावर चौकोनी तट, चार कोपऱ्यांना चार बुरूज. खालचे बारा हात घडीव काळा दगड आणि त्याच्यावर जवळजवळ तेवढीच उंच पांढऱ्या मातीची भिंत. ही पांढरी माती इतकी चिवट की पावसात वितळत नाही, नुसती गुळगुळीत होत जाते. गढीचं दार उत्तरेला, पण समोर उभं राहिलं तर ते दिसत नाही. दारापुढच्या दोन लहान बुरुजांच्या बेचक्यात शिरायचं, उजवीकडं अंग वळवायचं, तेव्हा दार येतं. हत्ती सोडला तरी त्याला धावायला जागा मिळू नये, ही त्यातली युक्ती. दाराच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांनी बसायच्या कमानीच्या खोल्या. वर नगारखाना. नगारखान्याच्या फरशीला तीन भोकं आहेत आणि ती बरोबर त्या वळणावर उघडतात. तटात जागोजागी जंग्या, बंदुकीसाठी ठेवलेल्या तिरक्या खाचा. आतून रुंद, बाहेरून बोटभर. आतल्याला खालचा माणूस पायापासून दिसतो आणि खालच्याला फक्त दगड दिसतो.

त्या वळणावर काय झालं ते चिंचखांडमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. खर्ड्याची लढाई संपली त्या साली धनी हरवलेले, पगार बुडालेले घोडेस्वार या भागात गावं लुटत फिरत होते. त्यांतली एक टोळी चिंचखांडवर आली. गाव गुरांसकट गढीत शिरलं. तीन दिवस दार टिकलं. ओतायला तेल नव्हतं, आणि पाणी खाली पडेपर्यंत निवायचं. मग बायकांनी ज्वारीची आंबील उकळली आणि नगारखान्याच्या भोकांतून ओतली. आंबील अंगाला चिकटते आणि निघताना कातडी घेऊन निघते. वळणात शिरलेली माणसं एकमेकांवर पडून ओरडत होती आणि मागून येणाऱ्यांना त्यांच्यावरून चालता येत नव्हतं. चौथ्या दिवशी टोळीनं दाराला कडबा रचला आणि पेटवला. दार जळालं तसं आतलं सगळं संपलं. पाटलाचं मुंडकं त्यांनी दाराच्या वरच्या खिळ्याला टांगलं, म्हणतात. गाव पुन्हा वसलं ते जी माणसं त्या आठवड्यात परगावी होती त्यांच्यापासून. आजही गावातली जुनी घरं स्वतःला 'बाहेर राहिलेले' म्हणवतात.

पुंजाराम आणि गोरक्षाचं घर त्यांतलंच एक.

एकोणीसशे नव्वद साली गावाच्या वर पाझर तलाव बांधायचा ठरला. बांधाला आतून दगड लावायचे होते. कामाचा मुकादम काकासाहेब म्हणून होता. त्यानं खाणीत सुरुंग लावण्यापेक्षा गढीकडं बोट दाखवलं. घडीव दगड, तयार, फुकट. नाही म्हणणारं कुणी नव्हतं. गढीचा मालक असा कुणी उरला नव्हता, आणि गावातल्या अर्ध्या घरांत गढीचे दगड आधीच गेले होते. काम दोघा भावांना मिळालं. पूर्वेचा बुरूज वरून आधीच खचलेला होता, म्हणून तिथूनच सुरुवात झाली.

पहिले आठ दिवस त्यांनी वरचे दगड उतरवले. ते काम वेळ खाणारं. नवव्या दिवशी काकासाहेबानं घाई केली, ट्रॅक्टर रिकामा उभा राहतो म्हणाला आणि तलावाकडं निघून गेला. पुंजाराम खाली उतरला आणि पायथ्याच्या तिसऱ्या थरातल्या एका लांब दगडाला त्यानं पहार लावली. त्या थरात असे लांब दगड दर चार हातांवर एक होते, तोंड लहान पण अंग भिंतीच्या आरपार गेलेलं.

गोरक्ष वरून बघत होता. तो खाली आला आणि म्हणाला, "दादा, ह्यो लांबडा काढू नगं. ह्यानं दोन्ही अंगं धरलीत."

पुंजाराम हसला. धाकट्याला बायकोच्या पदराला धरून बसायला सांगितलं आणि पहारेवर वजन टाकलं. दगड वीतभर बाहेर आला. गोरक्षनं भिंतीला कान लावला. आत खडी घरंगळल्यासारखा आवाज होत होता. त्यानं परत मना केलं. पुंजारामनं ऐकलं नाही. दगड सुटला आणि पुंजारामच्या पायाशी आला. त्याबरोबर वरच्या भिंतीला पोट सुटलं, पुंजारामच्या डोक्यावर, आणि त्याला ते दिसलं नाही कारण तो दगडाकडं बघत होता. गोरक्षनं त्याला दोन्ही हातांनी छातीत ढकललं. पुंजाराम उताणा पडला, चार हात लांब. भिंत गोरक्षवर आली.

धूळ बसली तेव्हा गोरक्षचा एक पाय दिसत होता. पुंजारामनं बोटांची नखं निघेपर्यंत दगड उपसले. गोरक्षचं डोकं सापडलं ते चपटं झालेलं होतं.

गाव धावत आलं. गोरक्षची बायको भागूबाई बावीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचा वैजनाथ. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग दिराकडं पाहिलं आणि विचारलं की खालचा दगड कुणी काढला.

"त्यानंच," पुंजाराम म्हणाला. "म्या नगं म्हनत हुतो."

भावाचं वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडी घेतलं. ते तोंडातून कसं निघालं ते त्याला आजही सांगता येत नाही. पण एकदा निघालं ते तेहतीस वर्षं तसंच राहिलं. काकासाहेबानं त्या वाक्यावर हात झटकले, मजूर आपल्या चुकीनं मेला म्हणाला. गावानंही तेच धरलं. गोरक्ष घाईनं गेला. ज्या माणसानं आयुष्यात कधी घाई केली नव्हती तो.

पुंजारामनं भागूबाईला आणि पोराला पोसलं. स्वतःचं लग्न झालं, बनुबाई आली, दोन मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, पण घरातली पहिली भाकरी भागूबाईच्या ताटात जायची. भागूबाई त्याच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर पडू द्यायची नाही. देवमाणूस म्हणायची त्याला, शेजारणींजवळ. गढीवर मात्र तो त्या दिवसानंतर चढला नाही. गढीखालून जायची वेळ आली तर नदीतून वळसा घालून जायचा.

वैजनाथ वाढला तो मुठी आवळूनच. शाळेत कुणी त्याला घाईचा पोरगा म्हणालं तर त्यानं त्या मुलाचे दोन दात पाडले. पुढं जेसीबी चालवायला शिकला आणि त्यात नाव काढलं. जुनी घरं, पडकी मंदिरं, विहिरींचे कठडे, काहीही पाडायचं असलं की वैजनाथला बोलावणं यायचं. पाडताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहून पुंजाराम नजर फिरवायचा. एकदा जेवताना वैजनाथ म्हणाला होता की त्या गढीनं माझा बाप खाल्ला, एक दिवस मी तिला खाणार. पुंजाराम ताटावरून उठून गेला.

दोन हजार एकवीस साली सरकारी खर्चानं गढीची दुरुस्ती निघाली. नगरहून सुकन्या नावाची एक वास्तुरचनाकार आली, तिशीतली, पायात जाड बूट, गळ्यात टेप. तिला चुन्याचं काम जाणणारा दगडी गवंडी हवा होता. सिमेंट लावलं तर जुना दगड श्वास कोंडल्यासारखा फुटतो, असं ती म्हणायची. सगळ्यांनी पुंजारामचं नाव सांगितलं. त्यानं दोनदा नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आली ती गुंडाळलेले नकाशे घेऊन. ओट्यावर एक कागद पसरून तिनं त्याला पूर्वेच्या बुरुजाचं चित्र दाखवलं. भिंत उभी कापल्यासारखी काढलेली होती. बाहेरून दगडाचा एक पापुद्रा, आतून एक, मधे खडी आणि चुना, आणि दोन पापुद्रे शिवणारे लांब दगड.

"काका, हा बुरूज पावसानं नाही पडलेला," ती म्हणाली. "हे बघा, तिसऱ्या थरात इथं एक दगड नाही. कुणीतरी पहार लावून काढलाय. पहारेचे वण आहेत अजून. तो काढला म्हणून ही सगळी बाजू आली खाली."

पुंजाराम कागदाकडं बघत राहिला. त्या पोरीला गोरक्षचं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त भिंत वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन गढीवर गेला.

दोन वर्षं त्यानं काम केलं. चुन्याची घाणी लावली, बैल मिळेना म्हणून ट्रॅक्टर जुंपून चाक फिरवलं. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातला. सुकन्या त्याला विचारायची आणि तो सांगायचा, आणि कधी उलटं. नगारखान्याची भोकं का तिरकी आहेत ते तिनं त्याला दाखवलं. बुरूज गोल का, तर कोपऱ्यावर तोफेचा गोळा बसतो आणि गोलाईवर घसरतो, हेही. पूर्वेचा बुरूज मात्र त्यानं शेवटाला ठेवायला सांगितलं.

तेवीस सालच्या उन्हाळ्यात दाराच्या डाव्या देवडीच्या मागं एक चिणलेली भिंत निघाली. उघडली तर आत माणसं होती. अकरा कवट्या, हाडं एकावर एक टाकलेली, गाडी भरताना कडबा टाकतात तशी. तीन कवट्यांवर वरपासून कानापर्यंत सरळ चीर होती. एकीचा खालचा जबडाच नव्हता. दोन सांगाडे लहान होते. एका मोठ्या हाताच्या हाडांत अर्धवट जळालेली लाकडी पळी होती, ती बोटांतून सोडवताना बोटं तुटली. गावातल्या बायका पाहून आल्या आणि त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली नाही. सुकन्यानं पुण्याहून जाणकार बोलावले, हाडं खोक्यांत भरून अभ्यासाला पाठवली.

पण हाडं सापडली ही बातमी तालुक्यात फिरली ती वेगळीच होऊन. माणसं चिणलीत म्हणजे धन राखायलाच चिणलीत, असं झालं. पूर्वेच्या बुरुजाखाली एक बुजवलेलं तोंड दिसतं, ते तळघर, तिथं सोनं. शेजारच्या गावचा आदिनाथ वीटभट्टीवाला वैजनाथकडं फेऱ्या मारायला लागला. बनुबाईनं नवऱ्याच्या कानावर घातलं. पुंजारामनं वैजनाथला विचारलं तर तो नुसता हसला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गावातलं मोठं लग्न होतं, मंगल कार्यालय जामखेडला. दुपारी गाव रिकामं पडलं. गढीचं काम बंद होतं. पुंजाराम लग्नाला गेला नाही, गढीवरच सावलीत भाकरी सोडून बसला होता, तेवढ्यात जेसीबीचा आवाज आला. यंत्र मागच्या उतारावरून वर चढलं. वैजनाथ केबिनमध्ये. बाजूला आदिनाथ आणि आणखी दोघं, हातात पहारी.

पुंजाराम बुरुजासमोर जाऊन उभा राहिला. आधी समजावणं झालं. आदिनाथ म्हणाला की म्हाताऱ्या, तुलाही वाटा देऊ. पुंजाराम हलला नाही. मग त्या दोघांतल्या एकानं त्याला कानाखाली मारली. पुंजारामनं त्याचा गळा धरला. साठीचा माणूस, पण हात दगडाचे होते. तो माणूस निळा पडायला लागला तशी दुसऱ्यानं मागून पहार घातली, पाठीत, मग गुडघ्यावर. पुंजाराम खाली बसला, तरी गळा सुटला नाही. आदिनाथनं त्याच्या तोंडावर लाथ घातली तेव्हा सुटला. तोंडातून दोन दात आणि रक्त आलं.

वैजनाथ केबिनमधून उतरला. एवढं झालं तरी त्यानं स्वतः हात लावला नव्हता. "नाना, बाजूला व्हा," तो म्हणाला. "तुमाला काय हुयाचं न्हाई. हिनं माझा बाप खाल्लाय. आता हिनं कायतरी द्यायला पायजे."

पुंजाराम रक्त थुंकला. मला तो म्हणाला की त्या क्षणी त्याला वाटलं, हे सांगितलं तर पोरगं थांबेल. आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा सांगायला त्याला भीती वाटली नाही.

"गढीनं न्हाई खाल्ला," तो म्हणाला. "म्या मारला. लांबडा दगड म्या काढला. त्यो नगं म्हनत हुता. भित्त माज्यावर येत हुती, त्यानं मला ढकललं आन् आपन गेला. म्या तुज्या आईला खोटं सांगितलं."

जेसीबीचं इंजिन तेवढं चालू होतं. वैजनाथनं शेजारच्याच्या हातातली पहार घेतली. पुंजारामनं उजवा हात डोक्यावर धरला. पहिल्या घावाला मनगटाच्या वरचं हाड मोडलं, दुसऱ्याला कोपराजवळचं, आणि तिसरा घाव त्याच जागी बसला. हाताचं हाड कातडीतून बाहेर आलं. चौथ्याला आदिनाथनंच वैजनाथला मागं ओढलं, मरेल म्हणाला. वैजनाथनं पहार फेकली, केबिनमध्ये चढला आणि बकेट थेट बुरुजाच्या पायथ्यात घातली. आता त्याला तळघर नको होतं. त्याला ती भिंत आडवी करायची होती.

आदिनाथ बकेटच्या बाजूनं वाकून आत बघत होता. दोन थर निघाले. तिसऱ्या थरातला एक लांब दगड बकेटच्या दातात आला आणि पुंजारामला आतून खडी घरंगळल्याचा आवाज आला. तोच आवाज. तो ओरडला. वैजनाथला वाटलं हा अजून अडवतोय, त्यानं आणखी जोर दिला. भिंतीला पोट सुटलं.

पुंजाराम सांगतो की तो कसा उठला ते त्याला माहीत नाही. एक गुडघा फुटलेला, एक हात लोंबकळत. तो केबिनपर्यंत पोचला, डाव्या हातानं वैजनाथच्या केसांना धरलं आणि सगळ्या अंगाचं वजन मागं टाकलं. वैजनाथ अर्धा बाहेर आला, तेवढ्यात बुरूज आला. केबिन चेपलं. वैजनाथचा डावा पाय आत राहिला. आदिनाथ पूर्ण गेला. बाकीचे दोघं पळाले.

गाव लग्नाच्या मांडवातून परत येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ पुंजाराम वैजनाथच्या मांडीला आपला फेटा आवळून, गाठीवर गुडघा दाबून बसला होता. वैजनाथ शुद्धीवर होता. तो पूर्ण वेळ चुलत्याला शिव्या देत होता आणि मधेच त्याच्या मुठीला चावत होता. पुंजारामच्या अंगठ्यामागं त्या दातांचा वण आहे. ढिगाऱ्यातून नंतर ते तळघर उघडं पडलं. ते तळघर नव्हतंच. धान्याचं पेव होतं, आणि त्यात कमरेइतकी जळून कोळसा झालेली ज्वारी होती.

दोघांना आधी जामखेडला आणि तिथून नगरला नेलं. वैजनाथचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुंजारामचा हात राहिला, पण त्यातली बोटं मेली. चौथ्या दिवशी भागूबाई त्याच्या खाटेजवळ आली. बनुबाई तिथंच बसलेली होती. भागूबाईच्या डोक्यावर पदर नव्हता.

"पोरगं म्हनतंय ते खरं हाय का?"

"व्हय," पुंजाराम म्हणाला.

तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याला मारायला लागली. तोंडावर, डोक्यावर, प्लास्टर केलेल्या हातावर. बनुबाई मधे पडायला उठली, पुंजारामनं तिला डाव्या हातानं थांबवलं. नर्स धावत येईपर्यंत भागूबाई मारत राहिली. मग दमून थांबली.

"तेहतीस वर्सं तुज्या हातचं खाल्लं म्या," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला 'तू' म्हटलं होतं. चप्पल तिथंच टाकून ती एका पायात चप्पल घालून वॉर्डाबाहेर गेली. महिन्याभरात तिनं आपली भांडी वेगळी केली आणि भावाकडं कर्जतला राहायला गेली. अजून आलेली नाही.

पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा पुंजारामनं पुतण्याचं सगळं सांगितलं, पहारेचे किती घाव, कुणी घातले, भिंत कुणी पाडली. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मग म्हणाला की आता माझं लिहा. साहेबांना कळेना. नव्वद सालच्या मृत्यूची नोंद अपघात म्हणून होती आणि तो कागदही आता मिळत नव्हता. साहेब म्हणाले, काका, ते आता कशाला काढता. पुंजाराम उठला नाही. शेवटी त्यांनी लिहून घेतलं, त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. त्याचं पुढं काहीच झालं नाही. बोलावणं नाही, चौकशी नाही. शिक्षा मिळेल या हिशेबानं तो वर्षभर दाराकडं बघत बसला होता, असं बनुबाई सांगते. रोज अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून.

वैजनाथवर आदिनाथच्या मृत्यूचा आणि मारहाणीचा खटला उभा आहे. तो दीड वर्षानं जामिनावर सुटला. मधल्या काळात सुकन्यानं दुरुस्ती पुन्हा सुरू केली होती आणि पुंजारामला बोलावलं होतं. हातात छिन्नी धरता येत नाही म्हणाल्यावर तिनं सांगितलं की छिन्नी धरणारे पुष्कळ आहेत, कुठला दगड कुठं ते सांगणारा नाही. आता तो पूर्वेच्या बुरुजाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडखाली बसतो. राजस्थानचे चार गवंडी आहेत, त्यांना तो काठीनं दाखवतो. दर चार हातांवर एक लांबडा. तो बसल्याशिवाय पुढचा थर चढू देत नाही. गवंडी कुरकुर करतात.

जामिनावर सुटल्यावर आठव्या दिवशी वैजनाथ कुबडी टेकत गढीवर आला. एक शब्द न बोलता त्यानं वीस पावलांवरून दगड मारला. तो पुंजारामच्या कपाळाला लागला, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. गवंडी वैजनाथला धरायला धावले, पुंजारामनं त्यांना परत बोलावलं. टाके घालताना डॉक्टरनं विचारलं, कशानं लागलं. पुतण्यानं दगड मारला, पुंजाराम म्हणाला, आणि माझी तक्रार नाही.

त्यानंतर वैजनाथ दोनदा येऊन लांब उभा राहून गेला. तिसऱ्यांदा, या गेल्या श्रावणात, तो शेडपर्यंत आला. पुंजारामनं त्याला बसायला वीट सरकवली. तो बसला नाही.

"बा नं तुमाला ढकललं तवा काय म्हनला?" त्यानं विचारलं.

पुंजारामनं आठवून पाहिलं. खोटं सांगायला एखादं वाक्य सहज सापडलं असतं.

"काय न्हाई म्हनला," तो म्हणाला. "तेवढा वेळच न्हवता."

वैजनाथनं मान हलवली. कुबडी काखेत नीट धरली आणि उतारावरून सावकाश खाली गेला. त्या दिवशी पुंजारामनं गवंड्यांना दुपारनंतर सुट्टी दिली.